ब्रूसार्डसाहेबांसाठी मका

शनिवारी संध्याकाळी गुणवंतने आपल्या बायकोची दोन बोटं मोडली, तेव्हा त्याची आई शोभनाताई पलीकडच्या खोलीत टीव्हीसमोर बसल्या होत्या. भिंत पातळ होती. आधी गुणवंतचा आवाज आला, चढलेला नव्हे, उलट मुद्दाम खाली आणलेला. मग वीणाचं "नको हो, नको, नको." आणि त्यानंतर असा एक आवाज आला की शोभनाताईंनी रिमोट उचलून टीव्ही मोठा केला. पडद्यावर कुठलीशी हिंदी मालिका चालू होती. तिच्यातलं एक अक्षर त्यांच्या डोक्यात शिरलं नाही, पण आवाज काही त्यांनी कमी केला नाही.

रविवारी सकाळी वीणा क्लिनिकमधून परत आली ती उजव्या हाताची दोन बोटं पट्टीत घेऊन.

"गाडीच्या दारात सापडली," ती म्हणाली.

"जपायचं गं," शोभनाताई म्हणाल्या, आणि चहा टाकायला उठल्या. एवढंच झालं. दोघींनाही सगळं ठाऊक होतं आणि दोघींनीही एकमेकींकडे पाहिलं नाही.

हे सत्त्याण्णव सालच्या नोव्हेंबरमधलं. शोभनाताई बासष्ट वर्षांच्या होत्या. पुण्याच्या जिल्हा परिषदेत टायपिस्ट म्हणून नोकरी करून निवृत्त झालेल्या, नवरा जाऊन चार वर्षं झालेली. मुलगा अबुधाबीत एका तेल कंपनीच्या कंत्राटदाराकडे सीनियर इंजिनियर होता. त्याने व्हिजिट व्हिसा काढून आईला दोन महिन्यांसाठी बोलावून घेतलं होतं. टूरिस्ट क्लब एरियात चौथ्या मजल्यावर त्याचा फ्लॅट होता, एसी कधी बंद न होणारा. बायको वीणा एका नर्सरीत शिकवायची आणि मुलगी मैथिली तिसरीत होती. विमानतळावर गुणवंतने वाकून नमस्कार केला तेव्हा शोभनाताईंना वाटलं होतं, पोराने पांग फेडले.

पहिल्या आठवड्यातच त्यांना खुणा दिसायला लागल्या. वीणाच्या अंगात एवढ्या उन्हातही मनगटापर्यंत बाह्या. बाथरूमच्या दाराला खांद्याच्या उंचीवर पडलेला खड्डा आणि त्यावर लटकवलेलं किराणावाल्याचं कॅलेंडर. बाहेर कुलपात किल्ली फिरली की मैथिली टीव्ही बंद करून न सांगता आपल्या खोलीत जायची. या खुणा शोभनाताईंना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. तीस वर्षं त्यांनी त्या स्वतःच्या घरात लपवल्या होत्या. त्यांचे यजमान शाळेत हेडमास्तर होते, गावात मान होता, आणि घरी आले की दाराआडची छत्री त्यांच्या हातात यायची. गुणवंत नऊ वर्षांचा असताना एकदा हात पसरून आईच्या पुढे उभा राहिला होता. "तिला नाही, मला मारा," म्हणाला होता. मास्तरांनी त्यालाही मारलं. त्या दिवशी मार खाऊनही शोभनाताईंची छाती भरून आली होती. आपला मुलगा वेगळा निघणार, याची तेव्हापासून त्यांना खात्री होती.

मंगळवारी संध्याकाळी पाच वाजता फोन वाजला. वीणाने डाव्या हाताने उचलला. ती नुसतं "हो, हो" करत होती आणि तिचा चेहरा उतरत चालला होता.

"ब्रूसार्डसाहेब येताहेत जेवायला," फोन ठेवून ती म्हणाली. "सात वाजता. आज."

ब्रूसार्ड हे नाव या घरात सगळ्यांना माहीत होतं. गुणवंतच्या कंपनीचं कंत्राट पुढे चालू ठेवायचं की नाही, हे ज्याच्या सहीवर ठरणार होतं तो हा अमेरिकन माणूस, लुईझियानाचा. तिकडच्या दलदलीच्या मुलखात जुन्या फ्रेंच लोकांची वस्ती आहे, त्यांना केजन म्हणतात, त्यांच्यातला. उन्हाळ्याआधी कंपनीच्या फॅमिली डेला त्याच्या बायकोची आणि वीणाची गट्टी जमली होती. तिने वीणाला आपल्याकडची मक्याची भाजी शिकवली, मॉक शू नावाची, आणि परत अमेरिकेला जाताना आपला जाड, खोलगट बिडाचा तवा भेट दिला. गेल्या आठवड्यात वीणाने ती भाजी करून डब्यातून ब्रूसार्डला पाठवली. शनिवारी मीटिंगमध्ये तो सगळ्यांदेखत म्हणाला, "या देशात मी खाल्लेली सगळ्यात छान गोष्ट तुझ्या बायकोच्या हातची आहे." टेबलाभोवती कोणीतरी हसलं. गुणवंतही हसला, आणि मग घरी आला.

"आणि त्याला काय पाहिजे जेवायला?" शोभनाताईंनी विचारलं.

"तेच. मॉक शू. हे म्हणाले, अगदी पद्धतशीर कर, शॉर्टकट मारू नकोस."

शोभनाताईंनी सुनेच्या हाताकडे पाहिलं. पट्टीतली बोटं सुजून वांग्याच्या रंगाची झाली होती.

"तू स्टुलावर बस," त्या म्हणाल्या, "आणि मला सांग. हात माझे."

खरा मॉक शू करायचा म्हणजे ताजी कोवळी कणसं लागतात. दाणे निम्मेच कापायचे, मग सुरीच्या पाठीने कणीस खरवडून त्यातला चीक काढायचा आणि डुकराच्या चरबीत कांदा-मिरची परतून त्यात तो मका तास-दीड तास मंद आचेवर शिजत ठेवायचा. हातात दोन तास, त्यात पोळ्या, भात, चिकन, आणि घरात एक कणीस नाही. फ्रीझरमध्ये मक्याची दोन पाकिटं होती.

"हीच वापरू," वीणा म्हणाली. "चीक नाही मिळणार, पण तिसरा हिस्सा मिक्सरमधून काढला की तसाच दाटपणा येतो. ब्रूसार्डबाई आठवड्याच्या मधल्या दिवशी असंच करतात. त्यांनीच सांगितलंय मला."

"मग झालं तर."

शोभनाताईंनी पदर खोचला. कांदा बारीक चिरला, हिरवी सिमला मिरची चिरली, टोमॅटो चिरले. सेलरी नावाची एक भाजी घालतात म्हणे, ती नव्हती. तिच्या जागी त्यांनी कोथिंबिरीच्या काड्या कापून घातल्या. तव्यात लोणी सोडलं, त्यावर थोडं तूप. कांदा गुलाबी झाला, सिमला मिरची मऊ पडली, लसूण गेला, तिखट गेलं. मग मका. ओलसर, गोडसर वाफेचा वास घरभर पसरला.

"आता अर्धी वाटी दूध," वीणा म्हणाली.

शोभनाताईंचा हात थांबला. "कांद्यात दूध? मिठात दूध? फाटेल की गं. आणि असलं विरुद्ध अन्न खायचं कोणी?"

"नाही फाटत आई. गॅस बारीक करा आणि धारेने सोडा. मी केलंय."

त्यांनी धारेने सोडलं. खरंच फाटलं नाही. वाटलेला मका त्यात मिळून आला आणि पिवळ्या रंगावर चकाकी आली. शोभनाताईंनी कलथ्याच्या टोकाने चव घेतली. गोड, तिखट, वरून लोण्याचा मऊपणा. नवल वाटून त्या हसल्या, आणि वीणाही हसली. दीड महिन्यात त्या दोघी पहिल्यांदा एकत्र हसल्या असतील. आणि हसता हसताच वीणा रडायला लागली.

"दारात नाही सापडली बोटं," ती म्हणाली.

"माहीत आहे मला."

"नाही, तुम्हाला माहीत नाही. मारलं असतं तर चाललं असतं. माराची मला सवय झालीये. त्यांनी विचारलं, कुठल्या हाताने डबा भरलास? मी म्हटलं, उजव्या. मग खुर्चीत बसवलं मला, हात गुडघ्यावर घेतला आणि एकेक बोट मागे वाकवलं. सावकाश. करंगळी झाली की थांबले. म्हणाले, आता सॉरी म्हण. मी म्हटलं. मग पुढचं मोडलं." तिने डाव्या हाताने नाक पुसलं. "तुमच्या टीव्हीचा आवाज मोठा झालेला मी ऐकला, आई."

कोणी तोंडात मारली असती तर बरं, असं शोभनाताईंना झालं. तव्यातला मका खाली लागायला लागला होता म्हणून त्या ढवळत राहिल्या.

"तू निघून का जात नाहीस?" त्यांनी विचारलं.

"पासपोर्ट यांच्याकडे आहेत. माझा, मैथिलीचा. कपाटावर ब्रीफकेस आहे त्यात. नंबरचं कुलूप आहे. व्हिसा यांच्या स्पॉन्सरशिपवर. मागच्या वर्षी नुसता विषय काढला होता, तर..." तिने कपाळावरचे केस बाजूला केले. केसांखाली पांढरी पडलेली जुनी खूण होती.

सातला पाच कमी असताना बेल वाजली.

ब्रूसार्ड दारात वाकूनच आत आला, इतका उंच होता. साठीचा, लालबुंद चेहऱ्याचा, कमी बोलणारा माणूस. हातात खजुराचा डबा. त्याला घेऊन आलेला गुणवंत त्याच्याभोवती नाचत होता. जेवताना ब्रूसार्डने बाकीच्या पदार्थांना नावापुरता हात लावला आणि मका तीनदा घेतला. तिसऱ्यांदा वाढून घेताना त्याची नजर वीणाच्या हातावर गेली.

"काय झालं?" त्याने विचारलं.

"गाडीचं दार," गुणवंतने उत्तर दिलं.

"मग हे सगळं कोणी केलं?"

"आज मी केलं," शोभनाताई इंग्रजीत म्हणाल्या. "हिने सांगितलं, मी केलं."

ब्रूसार्डला फार गंमत वाटली. त्याने चमचा ताटलीत फिरवला, दाणे निरखले आणि डोळे मिचकावले. "फ्रीझरमधला आहे, हो ना? माझ्या आईला कळलं असतं ना, तर झाडू घेऊन मागे लागली असती!" तो मोकळेपणाने हसला. "पण चव तीच आहे. माझी बायकोही कामाच्या दिवशी असाच करते. थँक यू, मॅडम."

सगळ्यात मोठ्याने गुणवंत हसला. शोभनाताईंचं त्याच्याकडे लक्ष होतं. तोंड हसत होतं, आणि टेबलाखाली हातातला नॅपकिन तो पिळत होता. त्यांच्या यजमानांचंही असंच होतं. पाहुण्यांत कोणी चेष्टेने काही बोललं की ते आधी हसायचे.

आठच्या सुमारास ब्रूसार्ड उठला. जाता जाता म्हणाला की कागद उद्या टेबलावर ठेव, सही करून टाकतो. गुणवंत त्याला लिफ्टपर्यंत सोडून आला, दार लावलं आणि कडीवर हात ठेवून लिफ्ट खाली पोचेपर्यंत तसाच उभा राहिला. मग वळला.

"पाकिटातला?" आवाज अगदी खाली आणलेला.

"मी केलाय तो," शोभनाताई म्हणाल्या. "आणि तो सही करतोय उद्या, ऐकलंस ना? जे काय बोलायचं ते मला बोल."

"तू मध्ये पडू नकोस, आई. माझं नाक कापलं चारचौघांत. पद्धतशीर कर म्हणून सांगितलं होतं मी."

"चारचौघं कुठले? एकच माणूस होता, आणि तो खूश होऊन गेला."

पण तो ऐकत नव्हता. तो सरळ स्वयंपाकघरात गेला. वीणा डाव्या हाताने ताटल्या सिंकमध्ये ठेवत होती. त्याने मागून तिचे केस धरले आणि तिला फ्रीजपाशी ओढलं. "ह्याच्यातूनच काढलास ना? ह्याच्यातूनच?" असं म्हणत त्याने फ्रीझरचं दार उघडलं आणि तिचं डोकं आत घालून दार आपटलं. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा दाराची कड तिच्या कपाळावर बसली आणि भुवईपासून रक्ताची धार लागली. मटारच्या पाकिटांवर, बर्फावर, खालच्या पांढऱ्या फरशीवर. वीणा ओरडली नाही. तिने फक्त पट्टीचा हात उचलून छातीशी धरला होता, त्याला तरी लागू नये म्हणून.

मैथिली धावत आली. "बाबा, स्टॉप इट! स्टॉप! यू आर किलिंग हर!" तिने बापाचा शर्ट मागून ओढला. गुणवंतने न बघताच हात मागे फिरवला. तो तिच्या गालावर बसला आणि ती आठ वर्षांची पोर दारातून बाहेर जेवणाच्या टेबलाच्या पायावर जाऊन पडली. आजवर त्याने तिच्यावर हात उचलला नव्हता.

शोभनाताई मध्ये शिरल्या. त्यांनी मुलाचं मनगट दोन्ही हातांनी धरलं. "गुणवंता, सोड तिला. सोड म्हणते ना!" त्याने खांद्याने त्यांना झटकलं. त्या ओट्यावर आपटल्या. जबडा दगडाच्या कडेवर आदळला, एक दात हलला आणि तोंडात खारट रक्त आलं. क्षणभर गुणवंतने त्यांच्याकडे पाहिलं. त्यांना वाटलं, आता थांबेल. आईला लागलंय म्हटल्यावर थांबेल.

"सांगितलं होतं ना मध्ये पडू नकोस," तो म्हणाला, आणि वळून त्याने वीणाचा पट्टीचा हात पकडला. तो तिने छातीशी घट्ट धरला होता, तरी त्याने तो ओढून काढला. "तीन राहिलीयेत," तो म्हणाला.

तेव्हा वीणा किंचाळली.

बिडाचा तवा शेगडीवरच होता, तळाशी मका लागलेला. शोभनाताईंनी तो दोन्ही हातांनी उचलला. वजन एवढं होतं की खांद्यापर्यंत नेताना त्यांचे दंड थरथरले. मग त्यांनी तो मुलाच्या उजव्या खांद्यावर आणला, मानेच्या अगदी जवळ. सुकं लाकूड मोडावं तसं काहीतरी मोडलं. गुणवंतच्या हातून वीणाचा हात सुटला. तो गुडघ्यावर आला, मग कुशीवर पडला, आणि मक्याचे दाणे त्याच्या केसांत, शर्टवर, रक्ताळलेल्या फरशीवर विखुरले.

"आई गं," तो म्हणाला.

त्याने वर पाहिलं आणि शाबूत हात तोंडापुढे धरला. त्याला आता काही करता येणार नव्हतं, हे शोभनाताईंना स्वच्छ दिसत होतं. तरी त्यांनी तवा पुन्हा उचलला आणि त्या पुढे धरलेल्या हातावर मारला. मनगटाच्या वर हाड मोडलं. तो लहान मुलासारखा, श्वास न घेता, रडायला लागला. तवा तिसऱ्यांदा वर गेला.

"आई!" वीणाने मागून त्यांना मिठी मारली. तिचं रक्त त्यांच्या पातळावर उतरलं. "आई, बास. पुरे. मरेल तो. पुरे."

तवा त्यांच्या हातातून पडला आणि फरशीचा टवका उडाला. त्या किती वेळ तशाच उभ्या होत्या, त्यांना नंतर सांगता आलं नाही. मैथिलीच्या हुंदक्यांनी त्या भानावर आल्या. तिला त्यांनी उठवलं, गालावरून हात फिरवला आणि वरच्या मजल्यावर पाठवलं. तिथे दापोलीकडची अन्वरी आणि तिचा नवरा यूनुस राहायचे. तो बंदरावर नोकरीला होता आणि त्याच्याकडे गाडी होती.

"पासपोर्ट कुठे म्हणालीस?" त्यांनी वीणाला विचारलं.

ब्रीफकेस कपाटावर होती. नंबर कोणालाच माहीत नव्हता. शोभनाताईंनी ती जमिनीवर ठेवली आणि खलबत्त्यातला बत्ता आणून कुलूप फोडलं. चार घाव लागले. तोपर्यंत स्वयंपाकघरातून गुणवंतचा आवाज येत होता, कधी शिव्या, कधी "आई, पाणी." कुलूप फुटल्यावर त्यांनी दोन्ही पासपोर्ट वीणाच्या हातात दिले. मग पेल्यात पाणी घेतलं, मुलापाशी फतकल मारून बसल्या, त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि पाणी पाजलं. त्याने ते प्यायलं आणि तोंड फिरवलं.

तेवढ्यात अन्वरी खाली आली. दारातून तिने आत पाहिलं आणि ओढणी तोंडावर दाबली. "मावशी, हे कोणी केलं?"

"थोडं त्याने, थोडं मी," शोभनाताई म्हणाल्या. "ॲम्ब्युलन्सला फोन करायला सांग यूनुसना. आणि पोरीला तुझ्यापाशी ठेव."

हॉस्पिटलमध्ये एकाच घरातली तीन माणसं अशा अवस्थेत आल्यावर पोलीस येणारच. एक तरुण अधिकारी आला, हिंदी बऱ्यापैकी बोलणारा. गुणवंतचा खांदा बांधलेला, दुसऱ्या हाताला प्लास्टर चढत होतं. अधिकाऱ्याने विचारायच्या आधीच तो म्हणाला, "बाथरूम में गिर गया."

अधिकाऱ्याने वीणाकडे पाहिलं. कपाळाला नऊ टाके, हाताला जुनी पट्टी. मग शोभनाताईंच्या सुजलेल्या जबड्याकडे. "और ये दोनों? ये भी बाथरूम में गिरे?"

खोटं वीणाच्या ओठांवर तयारच असेल, इतक्या वर्षांचं. शोभनाताई पुढे झाल्या.

"साहब, कोई नहीं गिरा. मैंने मारा इसको. तवे से. दो बार. ये मेरा बेटा है." जबडा दुखत होता, तरी त्या शब्द सुटे करून बोलत होत्या. "इसने बहू की उंगलियाँ तोड़ीं शनिवार को. आज उसका सिर फोड़ा. मैं शनिवार को भी घर में थी. वो भी लिखिए."

"अम्मा, आप समझती हैं? आप पर केस हो सकता है."

"हो जाने दो."

मग वीणा बोलायला लागली, आणि बोलायला लागली ती दीड तास थांबली नाही. दहा वर्षांचं सगळं, तारखांसकट. अधिकारी लिहीत होता. मध्येच एकदा त्याने पेन खाली ठेवलं आणि गुणवंतकडे बराच वेळ नुसतं पाहिलं.

केस कोर्टापर्यंत गेली नाही. गुणवंतला नोकरी वाचवायची होती, आईवर तक्रार करायची तर आपलंही सगळं बाहेर येणार हे त्याला कळत होतं. स्टेशनात दोन दिवस बसून लिहून घेतलं गेलं: वीणा आणि मैथिली भारतात जातील, तो अडवणार नाही, त्याने पुन्हा हात उचलला तर ही फाईल उघडी आहे. शनिवारी यूनुसने दोघींना विमानतळावर नेलं. मैथिलीला आजीला सोडवेना. "आजी, यू कम टू. प्लीज."

"येते गं. माझा पासपोर्ट अजून पोलिसांकडे आहे. तो सुटला की आलेच."

तो पासपोर्ट सुटायला बारा दिवस लागले. अन्वरीने आग्रह केला, मावशी, आमच्याकडे राहा, त्या घरात कशाला? पण शोभनाताई चौथ्या मजल्यावरच राहिल्या. गुणवंतचे दोन्ही हात कामातून गेले होते. त्याला त्या भरवायच्या, तोंड धुवायच्या, शर्टाची बटणं लावायच्या. तो घास घ्यायचा आणि भिंतीकडे बघायचा. बारा दिवसांत घरात टीव्ही लागला नाही. शोभनाताईंनी फरशीवरचे डाग घासून काढले, फ्रीझर धुतला, बाथरूमच्या दारावरचं कॅलेंडर काढून टाकलं. खड्डा दिसतो तर दिसू दे.

अकराव्या दिवशी दुपारी त्या त्याला वरण-भात भरवत होत्या. तो एकदम म्हणाला, "पहिला फटका मला समजतो. पण मी पडलो होतो, आई. माझ्यात काही राहिलं नव्हतं. दुसरा कशाला मारलास?"

शोभनाताईंचा हात घासासकट थांबला. या प्रश्नाची त्यांना भीती होती. उत्तर त्यांना शोधावं लागलं नाही, ते स्टेशनातल्या पहिल्या दिवसापासून त्यांच्यापाशी होतं.

"बरं वाटलं म्हणून," त्या म्हणाल्या.

त्याने मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं.

"खोटं कशाला सांगू? पहिला मारला तो वीणासाठी. दुसरा मारताना मला बरं वाटत होतं. तिने धरलं नसतं तर तिसराही मारला असता. तुला कसं वाटतं ते मला आता माहीत आहे, गुणवंता. म्हणूनच सांगते, ते थांबवणारं कोणीतरी लागतं. माझ्यामागे ती होती. तुझ्यामागे मी असायला हवी होते. शनिवारी मी टीव्ही मोठा केला."

तो रडेल असं त्यांना वाटलं, पण तो रडला नाही. "मला नको भात," तो म्हणाला. त्यांनी ताट उचललं.

पुढे पुण्याच्या फॅमिली कोर्टात वीणाने अर्ज केला. शोभनाताईंनी मुलाविरुद्ध साक्ष दिली. नातेवाइकांपैकी निम्म्यांनी त्यांच्या घरी येणं सोडलं. गुणवंत त्या कोर्टात एकदाच आला, शेवटच्या तारखेला, सही करायला. उजवा खांदा किंचित उतरलेला राहिला होता. आईजवळून जाताना तो थांबला, काहीतरी बोलेल असं वाटलं, मग वकिलाने हाक मारली आणि तो आत गेला.

वीणाला कोथरूडमधल्या एका बालवाडीत नोकरी मिळाली. ती आणि मैथिली शोभनाताईंच्याच घरी राहतात. करंगळी तिला पुरती मिटत नाही, खडू धरताना ते बोट बाजूला उभं राहतं. मुलं विचारतात, बाई, तुमचं बोट असं का? ती त्यांना खरं ते सांगते.